दुरडी इकडं सारा

आठवड्यानं नळ आला होता. त्यामुळे लातूरचा 'सुप्रसिद्ध रॅपर' मल्लिनाथ सकाळी लुंगी गुडघ्यावर खोचून, पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून अंगणात उभा होता. टाकी भरली होती, दोन पिंपं भरली होती आणि आता त्याची आई, शिवकांताबाई, घरातलं जे जे पोकळ दिसेल ते ते पुढं सरकवत होती. कळश्या झाल्या, पातेली झाली, शेवटी गेल्या उन्हाळ्यात गळका म्हणून निकालात काढलेला माठही रांगेत येऊन बसला.

"धार नीट धर की रं. निम्मं पाणी फरशीलाच पाजून राहिलास," आत न्याहारीला सुशीला करायला चुरमुरे भिजवता भिजवता ती ओरडली.

'सुप्रसिद्ध' हा शब्द मल्लिनाथचा नव्हे. गल्लीच्या तोंडाशी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, त्यावर तो छापला होता. फ्लेक्सवर नगरसेवक पुरुषभर उंच, त्यांचे कार्यकर्ते छातीपर्यंत, आणि खाली कोपऱ्यात काळा गॉगल लावलेला मल्लिनाथ, पासपोर्ट फोटोएवढा. दोरी ओवायचं भोक नेमकं त्याच्या कपाळात पडलं होतं. तरी येता-जाता तो फ्लेक्सकडं एकदा बघायचाच. बघितलं नाही असं दाखवत बघायचा.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

एकदा नाही, दोनदा, आणि तीही ठणकावून. अलीकडं कोचिंग क्लासची पोरं क्लासला जाता जाता सेल्फीसाठी कडी वाजवत. मल्लिनाथनं ओल्या हातानं केस मागं सारले, खुंटीवरचा गॉगल डोळ्यांवर चढवला आणि चेहऱ्यावर, हल्ली आरशापुढं बसवलेलं, मोजकं हसू आणून दार उघडलं. पाइप मात्र हातातच राहिला.

दारात पोरं नव्हती. दारात उंच, शिडशिडीत, इरकल नेसलेली, हातात पिशवी घेतलेली उमादेवी उभी होती. मल्लिनाथच्या धाकट्या बहिणीची, अंजूची सासू. बिलोलीची. मल्लिनाथचा अंगठा पाइपावरून सुटला आणि पाण्याचा लोट सरळ विहीणबाईंच्या पायांवर गेला.

उमादेवीनं खाली बघितलं. मग वर बघितलं.

"पाव्हण्याच्या पायावर पाणी घालायची रीत हाय, मल्लिनाथ. पण तांब्यानं. पाइपानं न्हाई."

आतून शिवकांताबाई हात पुसत आली, बघते तो हे ध्यान: पोटच्या पोरानं विहिणीला पोटऱ्यांपर्यंत भिजवलेलं, वर डोळ्यांवर काळा गॉगल. "शरणार्थ, विहीणबाई! या की आत. कळवलं न्हाई काही..." असं म्हणता म्हणता तिचा आवाजच बारीक झाला. कारण उमादेवी का आली असेल, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं. बसवंतराव, मल्लिनाथचे वडील, गंजगोलाईतलं लग्नसाहित्याचं दुकान उघडायला गेले होते म्हणून वाचले.

कारण होतं ते गाणं. आणि त्या गाण्याच्या पायी अंजूची पंचमी अडकली होती.

लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी करायची, हा आपल्याकडचा दंडक. भावानं मुराळी म्हणून जायचं, बहिणीला घेऊन यायचं, झोका, मेंदी, लाह्या, फुगड्या, चार दिवस नुसता धुडगूस. पंचमी आठवड्यावर आली होती आणि मुराळी घरीच पाणी भरत होता. चार दिवसांपूर्वी अंजूचा मेसेज आला होता: "दादा, सासूबाई तुझ्या गाण्यापासून गप गप आहेत. पंचमीचं काढायची माझी हिंमत होईना. तूच बघ." दादानं मेसेज वाचला, आईला दाखवला, आणि बघण्याऐवजी रोज फ्लेक्सकडं बघत राहिला.

आता हे गाणं काय होतं ते सांगायचं तर मल्लिनाथच्या कीर्तीचा सगळा इतिहास काढावा लागतो. तो तसा फार मोठा नाही. दोन अल्बम पडले, तिसरा चालला, एवढाच.

पहिला अल्बम 'काळी गल्ली'. तो केला तेव्हा मल्लिनाथचं बी.कॉम. नुकतं संपलं होतं आणि दुपारभर दुकानात बाशिंगं, मुंडावळ्या विकून उरलेल्या वेळात तो मोबाइलवर जगभरचे रॅपर ऐकत होता. त्यांच्या गाण्यात बंदुका होत्या, टोळ्या होत्या, रक्त होतं. म्हणून ह्याच्याही गाण्यात आलं. प्रत्यक्षात त्याच्या गल्लीत चार एलईडीचे दिवे आणि तीन कोचिंग क्लास होते, आणि गुन्हेगारी म्हणावी तर कुणीतरी कुणाची तरी सायकल चुकून नेई. शिवकांताबाईनं अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि एकच प्रश्न विचारला.

"दिवाळीत टिकली वाजली तर कान कोण झाकतंय रं, मल्ल्या?"

हा अल्बम ऐकणारे एकूण तिघं. मल्लिनाथ, त्याचा मित्र महांतेश, जो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून त्याला ठेके बनवून द्यायचा, आणि अंजू. त्यातही अंजूचं ऐकणं वेगळंच. ती आईचा फोन पिठाच्या डब्याआड ठेवून, आवाज बंद करून, अल्बम दिवसभर चालू ठेवायची. ऐकणाऱ्यांचा आकडा वाढावा म्हणून. आकडा वाढत गेला तसा मल्लिनाथ हरखत गेला. "लोकांना हळूहळू पटून राहिलंय," तो जेवताना सांगायचा. अंजू मान खाली घालून भाकरी मोडायची. ही गोष्ट त्याला कळली ती तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या गडबडीत आईच्या तोंडून. त्या दिवशी तो हसला. पण नंतर मांडवामागं जाऊन बराच वेळ खुर्च्या मोजत उभा राहिला. खुर्च्या कुणी मोजायला सांगितल्या नव्हत्या.

दुसरा अल्बम 'सिस्टीम'. ह्यात बंदुका नव्हत्या, नुसता राग होता. कुणावर राग, हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही आणि गाणाऱ्यालाही नीटसं सांगता यायचं नाही. घरातल्या भिंतीतल्या कपाटाचे कप्पे काढून, आत चहूबाजूंनी गोधड्या टांगून त्यानं स्टुडिओ केला होता. कपाटात डोकं घालून तो सिस्टीमला शिव्या घालायचा आणि बाहेर त्याच वेळी वरणाचा कुकर शिट्टी घालायचा. एक शिट्टी गाण्यात राहून गेली. त्या गाण्याखाली जी एकुलती एक प्रतिक्रिया आली ती अशी: "शिट्टी भारी."

मग गेल्या माघात अंजूचं लग्न झालं.

लग्नात रुखवत मांडलं की दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकींचा उद्धार करतात. एकीनं टाकायचं, दुसरीनं फेडायचं. आणि जेवढं झोंबेल तेवढा मान. शिवकांताबाईचं ह्यात नाव होतं. लातूर-निलंग्याकडं कुणाच्या घरी लग्न निघालं की जेवणाच्या आचाऱ्याआधी हिला सांगावा यायचा. तर अंजूच्या लग्नात ती पदर खोचून उठली आणि समोर बसलेल्या उमादेवीकडं हात करून तिनं सुरू केलं:

"बिलोलीच्या विहीणबाई, केवढा तुमचा तोरा,
एक पोळी वाढली तर म्हणता दुरडी इकडं सारा!
तूप वाढलं पळीनं तर म्हणता लोटा भरा,
एवढं खाऊन म्हणता कश्या, पाहुणचार न्हाई बरा!"

सगळं कार्यालय हसलं. महांतेश मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. महिन्याभरानं तो व्हिडिओ ऐकताना त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं त्या आवाजाखाली ठेका टाकला. मल्लिनाथनं मध्ये आपल्या आठ ओळी घातल्या, कव्हरवर गॉगल लावलेला आपला फोटो घातला, आणि तिसऱ्या अल्बमात पहिलंच गाणं म्हणून ते सोडून दिलं: 'दुरडी इकडं सारा'.

आणि गाणं पेटलं. आख्खी लगीनसराई त्या गाण्यावर नाचली. उदगीरच्या वरातीत वाजलं, देगलूरच्या हळदीत वाजलं, परभणीला तर म्हणे बारशात वाजलं. पोरं हॉटेलात डोसा मागवताना "दुरडी इकडं सारा!" म्हणून ओरडू लागली. एवढंच, की डीजेवाले मल्लिनाथच्या आठ ओळी आल्या की गाणं पुढं ढकलत आणि त्याच्या आईच्या चार ओळी पुन्हा लावत. त्याची पहिली मोठी बारी नांदेडला झाली. लाइटं, धूर, मोठा स्टेज. मल्लिनाथनं डोळे मिटून स्वतःच्या ओळींना हात घातला, तोच पुढच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "ओ भाई, तू कायकू गारा? अम्मा को लाव ना!" मग सगळं मैदानच "अम्मा को लाव" म्हणून ताल धरू लागलं. तालही चांगला धरला होता, हे मल्लिनाथला मान्य करावं लागलं.

तर अशा ह्या कीर्तीचा धनी आता ओल्या लुंगीत, गॉगल सदऱ्याच्या खिशात कोंबून, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आणि ज्या विहिणीला उभ्या मराठवाड्यानं खादाड ठरवलं ती पलीकडं सतरंजीवर बसून पाय पुसत होती.

"काल नांदेडला बहिणीकडं मुक्काम केला. पहाटंच्या यष्टीनं आले," उमादेवी म्हणाली.

"मावशी, अंजू..." मल्लिनाथनं तोंड उघडलं.

"अंजू बरी हाय."

संपलं. शिवकांताबाईनं बशीत सुशीला वाढला, वर खोबरं-कोथिंबीर घातली. सवयीनं "आणखी घ्या की" म्हणायला तोंड उघडलं आणि जीभ चावली. आता ह्या बाईला आणखी घ्या म्हणायचीही चोरी झाली होती. उमादेवीनं शांतपणे बशी संपवली आणि स्वतःच पुढं केली.

"वाढा आणखी. न्हाई तरी नाव झालंच हाय."

शिवकांताबाईनं बशीत आणखी एक उलथनं सुशीला घातला. "विहीणबाई, मनावर घेऊ नका हो. रुखवतातलं बोलणं ते. पोराला अक्कल न्हाई, गावभर केलं. मी आजच काढून टाकायला लावते बघा. मल्ल्या, काढ रे ते गाणं."

उमादेवीची बशी खाली आली. "काढायचं? का म्हणून काढायचं? आज गाणं निघालं तर उद्या बिलोली म्हणंल, उमादेवी लातूरला रडत गेली आन् पाया पडून गाणं काढून आली. आधीच काय कमी इज्जत गेली का?"

तिनं बशी पुन्हा उचलली.

"मला बोलल्याचा राग असता तर मी लग्नातच उठले नसते का? चांगलं बोललात तुम्ही. 'लोटा भरा' तर लई झकास होतं, मी सुद्धा हसले. माझं म्हणणं येगळंच हाय." ती वळली ती सरळ मल्लिनाथकडं. "माझं उत्तर कुठंय रे?"

मल्लिनाथनं खिशातला गॉगल चाचपला.

"बिलोली तालुक्यात कुठं बी लग्न असू दे, उत्तर द्यायला मला नेत्यात. आन् आता बाजारात भाजी घ्यायला गेले की बायका इचारत्यात, काय वो उमादेवी, लातूरवाली एवढं बोलली आन् तुम्हाला एक ओळ सुचली न्हाई? गप खात बसलाव?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी गप बसले होते का त्या दिवशी? सांगा विहीणबाई. बसले होते?"

"न्हाई वो," शिवकांताबाई म्हणाली. "उलट माझ्या वेळेपेक्षा तुमच्या वेळेला लोक जास्त हसले. मल्ल्या, तू तर म्हणालास त्यांच्या वेळेला व्हिडिओत आवाजच आला न्हाई."

"ते... तिथं जरा खरखर होती," मल्लिनाथ म्हणाला.

"खरखर न्हवती," उमादेवी म्हणाली. "तुझं नाव होतं."

आणि तिनं बसल्या जागी, बशी मांडीवर घेऊन, ते उत्तर म्हणून दाखवलं:

"लातूरच्या विहीणबाई, बोलता लई तोऱ्यानं,
घास अडकला घशात, पाणी मोजता द्रोणानं!
नवरीचा भाऊ कोपऱ्यात बडबडतो येड्यावाणी,
आधी त्याच्या डोक्यावर घाला आठ दिसाचं पाणी!"

खरंच होतं ते. लग्नाच्या दिवशी मल्लिनाथ कार्यालयाच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून, हातवारे करत, नव्या ओळी पाठ करत उभा होता आणि बिलोलीच्या बायकांनी ते टिपलं होतं. गाणं करताना महांतेश म्हणालाही होता, "अरे, उत्तर जास्त भारी आहे, हे पण घेऊ." मल्लिनाथ म्हणाला होता, "नको, गाणं लांबतंय." स्वतःच्या आठ ओळी घालताना गाणं लांबलं नव्हतं.

शिवकांताबाईनं लेकाकडं बघितलं. ओरडली नाही. नुसती म्हणाली, "रुखवतात उत्तर कापायचं म्हंजे काय असतं, ठावं हाय का तुला? जेवायला बसवून ताट उचलायचं."

मल्लिनाथला एकाच वेळी लाजही वाटली आणि एक भलतीच गोष्ट उमगली. गाणं लोक सारखं सारखं ऐकत होते ते आवडलं म्हणून, हे खरं; पण ते संपायचं तिथं अर्धवटच संपायचं. वरातीतली माणसं "पुन्हा, पुन्हा" म्हणून ओरडत ते कदाचित दुसरी बाजू कधी येते म्हणून. स्वतःच्या गाण्यातला दोष त्याला त्याच्या बहिणीच्या सासूनं दाखवावा लागला होता. रॅपमध्ये समोरासमोरचा सामना कसा असतो, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं त्याच शब्दाला धरून परतवायचं, ह्यावर तो महांतेशला तास तास भाषण देत असे. आणि त्याच्या घरात ते पिढ्यानपिढ्या, इरकल नेसून, चालू होतं.

"घेऊ की मावशी. आत्ताच घेऊ," तो म्हणाला आणि त्यानं महांतेशला फोन लावला.

महांतेश लॅपटॉप घेऊन आला. पण नळाच्या दिवशी गल्लीत प्रत्येक घरची मोटार घुरघुरत होती. मोटारी बंद करा म्हणून सांगायला आठवड्यातला हाच दिवस काढला असता, तर सुप्रसिद्ध रॅपरला गल्लीनं सुप्रसिद्ध चोप दिला असता. नळ जाईपर्यंत थांबायचं ठरलं.

थांबायचं म्हणून दोघी विहिणी शेंगा फोडायला बसल्या. मल्लिनाथला वाटलं, हीच वेळ. तो पाटावर टेकला, घसा साफ केला.

"मावशी, श्रावण आला, झाडांना झोके बांधले, लेकी-बाळी वाटेला डोळे लावून..."

"हे गाणं हाय का?" उमादेवीनं शेंगेवरची नजर न काढता विचारलं.

"न्हाई, म्हंजे मी म्हणत होतो, आभाळ भरून आलं की माहेरची ओढ..."

"विहीणबाई, ह्याला घरात बी असंच बोलायची सवय हाय का?"

"लहानपणापासून," शिवकांताबाई म्हणाली. "दूध मागताना बी यमक जुळवायचा. दूध गार व्हायचं."

दोघी हसल्या. महांतेशही हसला. मल्लिनाथ उठून उगीच माठ बघायला गेला. माठ अर्धा झाला होता; गळतच होता.

अखेर नळ गेला. एकेक मोटार गप्प झाली आणि गल्लीत, कुणीतरी कान झाकावेत तशी, शांतता पडली. कपाटापुढं पाट ठेवला. उमादेवी त्यावर बसली आणि गोधड्यांच्या आत डोकं घालण्याआधी एकदा आतून बाहेरून बघून म्हणाली, "ही अंजूची गोधडी न्हवं का? हिरव्या काठाची. तिकडं सांगत असती, माझी एक गोधडी दादानं गाण्याला घेतली म्हणून."

मल्लिनाथनं मान हलवली. बोलायला तोंड उघडलं, पण महांतेश म्हणाला, "चालू," आणि त्याला गप्प बसावं लागलं.

उमादेवीनं उत्तर म्हटलं. एका दमात, न अडखळता. लग्नात म्हटलं त्याहून खणखणीत. 'द्रोणानं' वर तिनं अशी काही ठसक दिली की शिवकांताबाईनं दाराआडून दाद दिली, तीही गाण्यात शिरली आणि दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. महांतेश थांबवायला हात उचलणार तोच कपाटातून आणखी दोन ओळी आल्या, ज्या लग्नात नव्हत्या:

"काळा गॉगल लावून भाऊ गावभर झाला स्टार,
गाणं आईचं, टाळ्या ह्याला, फुकटचा सरदार!"

महांतेश लॅपटॉपवर आडवा पडून हसत होता. शिवकांताबाई पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती. आणि मल्लिनाथ, कानाला हेडफोन लावून, पहिल्यांदाच असं काही ऐकत होता ज्यात कापावं असं काही नव्हतं. त्याच्यावरच्या सगळ्या ओळींत ही सगळ्यात नेमकी बसली होती. स्वतःच्या तीन अल्बमात त्याला स्वतःबद्दल एवढं खरं काही लिहिता आलं नव्हतं.

"हे राहू द्यायचं बरं का," गोधड्यांतून डोकं बाहेर काढत उमादेवी म्हणाली. तिचा अंबाडा सुटला होता, कपाळाला घाम आला होता, आणि डोळे अंजूच्या लग्नातल्यासारखे चमकत होते. "आन् तुझ्या त्या आठ ओळी काढ. गाणं लांबतं."

"काढतो," मल्लिनाथ म्हणाला. "कव्हरवर तुमचं दोघींचं नाव घालतो."

"माझं फेडून झालं. आता तू बोल. सकाळधरनं काय तरी तोंडात घोळवून राहिलायस. दोनदा सुरू केलंस आन् दोनदा आभाळात गेलास. काय पायजे?"

मल्लिनाथनं हेडफोन काढले. खिशातला गॉगल काढून कपाटावर ठेवला. पुष्कळ शब्द तयार होते, त्यांना चालही होती. त्यानं ते सगळे सोडून दिले.

"मावशी, परवा मी मुराळी म्हणून बिलोलीला येतो. अंजूला पंचमीला आमच्याकडं पाठवा."